जुने फोटो नावाची फाइल

चष्मेवाल्यांनी ती फाइल उघडली तेव्हा त्यांना फक्त नव्या फ्रेम्स बघायच्या होत्या. मेल नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने आला होता, विषयात ‘नवीन नमुने’ असं लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या फाइलवर छोटंसं चित्रही होतं. त्यांनी टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. पडदा क्षणभर काळा झाला, परत उजळला आणि नमुने काही दिसले नाहीत. चष्मेवाल्यांनी संगणकाला मनातल्या मनात एक शिवी घातली आणि ते एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची नाकावरची पॅडं वाकवायला उठून गेले.

दुपारपर्यंत संगणकाचा पंखा घरघरायला लागला होता. मागच्या खोलीत त्यांची बायको काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. तिने यंत्र थांबवून विचारलं, “अहो, कसला आवाज येतोय?”

“जुना झालाय तो. दमतो आताशा,” चष्मेवाले म्हणाले. आपल्याबद्दलही त्यांचं हेच मत होतं, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर पूर्ण वर जायच्या आत फोन वाजला. पलीकडून त्यांचे शाळेतले चित्रकलेचे सर बोलत होते.

“अरे, तुझा मेल वाचला. डोळ्यांत पाणी आलं बघ.”

“कुठला मेल, सर?”

“आता लाजतोस कशाला? या वयात माणसाने मोकळं व्हावं. तुझं व्याकरण जरा घसरलंय, पण भावना अनावर झाल्या की व्हायचंच असं. फोटो मात्र उघडत नाहीत रे. परत पाठव.”

चष्मेवाल्यांना यातलं दुसरं काही कळलं नसलं, तरी व्याकरणाचं बरोबर लागलं. ‘माझी नंबर वाढली’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी ‘माझा नंबर वाढला’ म्हणायला लावत आणि मगच तपासायला बसवत. आणि भावना अनावर होण्याचं म्हणाल, तर बायको चार दिवस माहेरी गेली तरी ते फोनवर फक्त गॅसचा नॉब कुठल्या बाजूला बंद होतो, एवढंच विचारायचे.

फोन ठेवतात तोच दुसरा आला. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे चष्मा केलेल्या एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मलाही तुमची आठवण येते हो. पण असं लेखी नका पाठवू. माझे मिस्टर माझे मेल वाचतात.”

चष्मेवाले खुर्चीत बसले. बायको मागून हात पुसत आली, तिने आपला मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, “मलाही आलाय. वाचा.”

मेल त्यांच्याच पत्त्यावरून गेलेला होता. त्यात लिहिलं होतं : ‘प्रिय, खूप वेळ झाले आपण बोलला नाही. मी तुझी आठवण येत आहे. आपले जुने फोटो पाठवत आहे, उघडून बघ आणि सांगा.’ खाली ‘जुने फोटो’ नावाची फाइल जोडलेली होती.

“‘मी तुझी आठवण येत आहे’?” चष्मेवाल्यांनी मोठ्याने वाचलं. “हे मी लिहीन?”

“तेच म्हटलं. पण म्हटलं, असेल, सवय नाही ना माणसाला.” तिने फोन परत घेतला. “सकाळपासून दोनदा हसून चहा दिला मी तुम्हाला. फुकट गेला.”

“तू उघडलीस ती फाइल?”

“फोनवर उघडेना. आणि घरचे जुने फोटो कपाटात आहेत, ते मला माहितीय. तुम्हाला ते कपाट उघडतासुद्धा येत नाही.”

चष्मेवाल्यांनी संगणकावर मेल उघडून बघितला. पाठवलेल्या मेलची रांग संपता संपेना. इतक्या वर्षांत ज्याला म्हणून त्यांनी एकदा मेल केला होता, त्या प्रत्येकाला तो गेला होता. पुरवठादार, विमा एजंट, नळ दुरुस्त करणारा, सोसायटीचा सेक्रेटरी. सगळ्यांची त्यांना आठवण आली होती. ते पडदा खाली सरकवत गेले आणि एका पत्त्यापाशी त्यांचं बोट थबकलं.

“त्यालाही गेलाय,” ते म्हणाले.

‘तो’ म्हणजे कोण, हे बायकोला विचारावं लागलं नाही.

तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचा दातांचा दवाखाना होता आणि दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडणाचं कारण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसला असता, म्हणून दोघेही ते कुणाला सांगत नसत. डॉक्टरांनी एकदा दादाकडून चष्मा करून घेतला. तो लावला की त्यांचं डोकं दुखायचं. दादा म्हणाला, सवय होईल. डॉक्टरांनी महिनाभर सवय व्हायची वाट बघितली आणि मग ते बाजारातल्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने तपासून सांगितलं, की काच फ्रेममध्ये जराशी तिरकी बसली आहे. डॉक्टरांनी तिथेच दुसरा चष्मा केला. एवढ्यावर निभावलं असतं, पण नंतर एका लग्नात, भरल्या पंगतीत ते हसत हसत म्हणाले, “दादाने मला महिनाभर तिरकं जग दाखवलं.”

“तू तपासताना डोकं हलवलंस,” चष्मेवाले म्हणाले.

“मी डोकं हलवलं नाही.”

“हलवलंस.”

त्यानंतर दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. चष्मेवाल्यांनी दाढ दुखल्यावर मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाचा दंतवैद्य गाठला आणि ती बातमी डॉक्टरांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. काच खरं तर बायकोने बसवली होती. पण भांडणात तिचं नाव कुणीच घेतलं नाही, याचं तिला कधी बरं वाटायचं, कधी राग यायचा.

“आता तो म्हणेल, दादा नमला,” चष्मेवाले म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “त्याला सांगायला पाहिजे, की मी नाही पाठवलं.”

“सांगा ना. फोन करा.”

“फोन केला तर मीच आधी बोललो असं होईल.”

“मग नका सांगू.”

“नाही सांगितलं तर मला त्याची आठवण येते असं होईल.”

बायकोने कपाळावर हात मारला आणि ती काचा घासायला गेली.

हा पेच सुटायचा होता तो दुपारीच. दुकानाचं दार ढकलून डॉक्टर स्वतः आत आले. अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, हातात एक पेनड्राइव्ह, आणि नजर चष्म्याच्या कपाटावर, म्हणजे भावावर नाही.

“तुमच्या संगणकात ट्रोजन आहे,” ते म्हणाले.

लहानपणापासून ते दादाला ‘तू’ म्हणत आले होते. ‘तुमच्या’ हा शब्द ऐकून चष्मेवाल्यांनीही पाठ ताठ केली.

“आपल्याला कसं कळलं?”

“आमच्याकडे आलाय तो. तुमच्या नावाने. आमच्या रिसेप्शनिस्टने चुकून फाइल उघडली.”

“चुकून?”

“चुकून. त्या फाइलचं नाव फोटोसारखं आहे, चित्र फोटोचं आहे, पण शेवटची अक्षरं बघा, तो प्रोग्राम आहे. आत शिरतो आणि तुमच्या नावाने पुढच्यांना मेल पाठवत सुटतो. शिवाय पासवर्ड चोरतो. मागच्या वर्षी आमच्या एक्स-रेच्या संगणकाला असाच एक लागला होता. मी दंतवैद्यांच्या संघटनेत या विषयावर भाषण दिलं आहे.”

“‘अनोळखी फाइल उघडू नका’ या विषयावर?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“त्याच विषयावर,” डॉक्टर जरा खाली बघून म्हणाले. “रिसेप्शनिस्ट भाषणाला नव्हती.”

बायको मागच्या दाराशी येऊन उभी होती. तिने एक खुर्ची ओढून संगणकापुढे ठेवली, तिच्या शेजारी दुसरी ठेवली आणि ती परत गेली.

डॉक्टरांनी आधी इंटरनेटची तार उपटली. “आता निदान बाहेर काही जाणार नाही.”

“मी सरळ बंदच करणार होतो.”

“बंद करून काय होणार? चालू केला की तोही चालू होणार. दाढ किडली तर तोंड मिटून कीड जाते का?”

दाढेचा विषय निघाल्यावर चष्मेवाल्यांनी नकळत गालावर हात ठेवला. मग डॉक्टरांनी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. संगणकाच्या पोटात एका वेळी इतकी कामं चालू असतात हे चष्मेवाल्यांनी पहिल्यांदाच बघितलं. सगळी नावं इंग्रजी, त्यांतली बरीचशी अर्थ न लागणारी.

“यांतलं एक खोटं आहे,” डॉक्टर म्हणाले. “जे सगळ्यात जास्त ताकद खातंय ते बघायचं.” त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. “पण हे तर विंडोजचंच आहे. हे असतंच. हेच नाव यादीत अनेकदा येतं.” ते पडद्यापाशी वाकले, मागे सरले, पुन्हा वाकले. “आज सकाळी आमच्याकडेही असंच झालं. सगळी नावं बरोबर वाटतात.”

चष्मेवाले हाताची घडी घालून बघत होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला होता. शेवटच्या ओळीत माणसं कशाला काय म्हणतात, कुठलं अक्षर कुठल्या अक्षरासारखं दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ते खुर्चीतून न उठताच म्हणाले, “ही सगळी नावं सारखी नाहीत.”

“म्हणजे?”

“वरच्या सगळ्यांत ‘ओ’ आहे. या एकात शून्य आहे.”

“कुठे?”

“इथे. ‘ओ’ गोल असतो. हा उभट आहे.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला, मान डावीकडे कलती केली. त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. तसं ते म्हणाले मात्र नाहीत.

“हं,” ते म्हणाले. “असू शकतं.”

“असू शकतं नाही. आहे.”

त्या क्षणी चष्मेवाल्यांना इतका आनंद झाला, की संगणकाला ट्रोजन लागल्याचं दुःखही थोडा वेळ मागे पडलं. भावाच्या नाकावर बाजारातल्या दुसऱ्या दुकानाचा चष्मा होता आणि त्यातून त्याला शून्य दिसत नव्हतं. पण हे बोलून दाखवायचं, तर तो विषय आपण काढल्यासारखं झालं असतं. त्यांनी तो आनंद तसाच गिळला.

डॉक्टरांनी शून्यवालं नाव धरून ती फाइल कुठे राहते ते बघितलं. खरी फाइल विंडोजच्या आपल्या कप्प्यात असायला हवी होती. ही मात्र वापरणाऱ्याच्या कप्प्यात, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बसली होती, आणि तिच्यावर बनवणाऱ्या कंपनीची सही नव्हती. डॉक्टरांनी तिचं चालू काम बंद केलं. यादीतून नाव गेलं. दोघांनी श्वास सोडला, तेवढ्यात ते परत आलं.

“मेलं नाही?” चष्मेवाले म्हणाले.

“दुसरं काहीतरी त्याला उठवतंय. सेफ मोडमध्ये जावं लागेल. म्हणजे फक्त गरजेच्याच गोष्टी चालू होतात, बाकीचे झोपलेले राहतात. झोपेत काढायचं.”

संगणक बंद होऊन सेफ मोडमध्ये चालू झाला. पडदा मोठ्या ढोबळ अक्षरांचा, भिंतीवरच्या तक्त्यासारखा झाला होता. चष्मेवाल्यांना तो जास्त आवडला. आता कुठे काय आहे ते समजल्यासारखं वाटून त्यांनी उत्साहाने माउस हातात घेतला, फोल्डर शोधला, नाव शोधलं, ते निवडलं आणि पुसून टाकायच्या बटणाकडे बोट नेलं.

“दादा, थांब! तिला हात लावू नकोस, ती खरी आहे!”

चष्मेवाल्यांचा हात हवेत राहिला. त्यांनी चुकून विंडोजचाच कप्पा उघडला होता. पुसली असती, तर ट्रोजन राहिला असता आणि संगणक गेला असता. पण दोघांच्याही लक्षात आली ती दुसरीच गोष्ट. डॉक्टर ‘दादा’ म्हणाले होते, ‘थांब’ म्हणाले होते, आणि आता ते परत ‘थांबा’ करायला गेलं तर फारच हास्यास्पद दिसलं असतं.

“तू कर,” चष्मेवाले माउस सोडत म्हणाले.

पुढचं काम मग सोपं होत गेलं. डॉक्टरांनी लपलेली फाइल पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं त्या यादीतून तिचं नाव काढलं. ठरावीक वेळाने तिला उठवणारं एक काम ‘अपडेट’ असं सभ्य नाव धारण करून बसलं होतं, तेही काढलं. पेनड्राइव्हवरून तपासणीचा प्रोग्राम चालवला.

“हा पेनड्राइव्ह तुझ्या दवाखान्यातल्या संगणकातून आणलास?” चष्मेवाल्यांनी संशयाने विचारलं. “म्हणजे एक काढायचा आणि दुसरा घालायचा.”

“घरच्या लॅपटॉपवरून आणलाय. बायकोच्या. तो स्वच्छ आहे.”

तपासणीत ‘नवीन नमुने’ सापडले. ज्या फाइलवरून हे सगळं सुरू झालं, ती अजून डाउनलोडच्या फोल्डरमध्ये निर्धास्त पडली होती. डॉक्टरांनी दादाकडे बघितलं. दादा कपाटातल्या फ्रेम्सकडे बघत होता.

“तुझ्याकडे रिसेप्शनिस्ट नाही,” डॉक्टर म्हणाले.

“नाही.”

“बरं.”

पंख्याची घरघर थांबली होती. डॉक्टरांनी मोबाइलवरून दादाला मेलचा पासवर्ड बदलायला लावला, कोट नीट केला, पेनड्राइव्ह खिशात टाकला. दारापर्यंत गेले. तिथे उभे राहून त्यांनी दाराची काच उगाचच निरखली.

“दवाखान्यात येशील?” ते काचेकडे बघतच म्हणाले. “तिथेही असंच एखादं अक्षर असणार. मला ते... वेळ नाही मिळत बारीक बघायला.”

चष्मेवाल्यांनी दुकान बायकोवर सोपवलं. ती म्हणाली, “सावकाश या.” ते वळल्यावर तिने जावेला फोन लावला. त्या दोघी इतकी वर्षं एकाच योगाच्या वर्गाला जात होत्या आणि नवऱ्यांनी विचारलं तर वर्गात ओळखीचं कुणी नाही, असं सांगत होत्या.

दवाखान्यात त्या वेळी रुग्ण नव्हते. लवंगेच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास होता. रिसेप्शनिस्ट जेवायला गेली होती. संगणक आतल्या खोलीत, एक्स-रेच्या यंत्राशेजारी होता आणि त्याचाही पंखा घरघरत होता. चष्मेवाल्यांना रुग्णाच्या खुर्चीशिवाय बसायला दुसरी जागा नव्हती. ते तिच्या कडेवर, तोंड घट्ट मिटून बसले.

“उजव्या बाजूनेच चावतोस तू,” डॉक्टर म्हणाले.

“मी काही खात नाहीये.”

“गालावरून कळतं.”

“तू मान वाकडी करून वाचतोस,” चष्मेवाले म्हणाले. “मानेवरून कळतं.”

यावर दोघांनी बराच वेळ पडद्याकडे लक्ष दिलं.

इथे ट्रोजनने दुसरं नाव घेतलं होतं. चष्मेवाल्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, रुग्ण शेवटची ओळ वाचताना थांबतो तसे एका जागी थांबले आणि म्हणाले, “हा ‘एल’ नाही. हा मोठा ‘आय’ आहे.” या वेळी डॉक्टरांनी ‘कुठे’ असं विचारलं नाही. त्यांनी सरळ तेच नाव धरलं, सेफ मोड केला, लपलेला फोल्डर उघडला, पुसलं. दोघांच्या हाताला आता सवय झाली होती. एक वाचत होता, एक काढत होता.

मूळ फाइलही काढायची म्हणून डॉक्टर डाउनलोडचा फोल्डर उघडणार होते, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला आणि ते उठले. जाताना म्हणाले, “तेवढं मी आल्यावर करतो.” पण चष्मेवाल्यांना आता कामाची गोडी लागली होती. त्यांनी फोल्डर उघडला.

आत ‘जुने फोटो’ ही फाइल होती. त्याच्याखाली ‘जुने फोटो’ आणि कंसात एक. मग कंसात दोन. मग कंसात तीन. आणि खाली आणखी. एक उघडत नाही म्हटल्यावर कुणीतरी पुन्हा उतरवून घेतली होती, आणि पुन्हा, आणि पुन्हा. प्रत्येकीसमोर वेळ लिहिलेली होती. रस्त्यावर दूधवाल्यांखेरीज कुणी नसतं, अशी ती सकाळची वेळ होती.

डॉक्टर परत आले. त्यांनी पडद्यावर काय उघडलं आहे ते बघितलं आणि ते दारातच उभे राहिले.

“तुझी रिसेप्शनिस्ट,” चष्मेवाले जरा वेळाने म्हणाले, “इतक्या पहाटे येते?”

“कधीकधी,” डॉक्टर म्हणाले.

“चिकाटीची दिसते.”

“आहे. आहे चिकाटीची.” डॉक्टरांनी कोटाच्या खिशात हात घातले. “तिला वाटलं असेल, खरंच फोटो आहेत.”

“नव्हते.”

“हो. तेही कळलं तिला नंतर.”

“मेलमधलं मराठी वाचूनसुद्धा तिला संशय आला नाही?”

“आला होता,” डॉक्टर म्हणाले. “पण तिला वाटलं, दादाचा हात थरथरला असेल लिहिताना.”

चष्मेवाल्यांनी सगळ्या ‘जुने फोटो’ एकदम निवडल्या. बटणावर बोट ठेवून ते थांबले, भावाकडे वळून बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली. चष्मेवाल्यांनी त्या पुसल्या. मग तपासणी सुरू झाली आणि पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकेपर्यंत दोघे भाऊ एकाच खोलीत, एकमेकांशी न बोलता, पण आधीपेक्षा वेगळ्या रीतीने न बोलता बसून राहिले.

संध्याकाळी दुकानात सगळ्यात अवघड काम उरलं होतं. ती फाइल कुणी उघडू नये, हे सगळ्यांना कळवायला हवं होतं. चष्मेवाल्यांनी एकही चूक नसलेल्या मराठीत मेल लिहिला : ‘आपणांस माझी आठवण येत असल्याचा जो मेल आला आहे,’ इथपर्यंत लिहून त्यांनी ते खोडलं, कारण कुणाची आठवण कुणाला येते आहे, याचा त्यांच्याही वाक्यात गोंधळ झाला होता. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘मला आपली आठवण येत असल्याचा जो मेल आपणांस आला आहे, तो मी पाठवलेला नाही. त्यातील मजकुराशी माझा काहीही संबंध नाही. सोबतची फाइल उघडू नये.’

“हे फार कोरडं वाटतं,” बायको मागून वाचत म्हणाली.

“खरं आहे ते.”

“म्हणूनच म्हणते.”

त्यांनी सगळे पत्ते निवडले. मग यादीतून खाली जात भावाच्या पत्त्यासमोरची खूण काढून टाकली.

“त्याला कशाला,” ते म्हणाले. “त्याला माहितीय.”

बायकोने आपलाही पत्ता यादीत आहे ते बघितलं, नवऱ्याच्या हातातून माउस घेतला आणि स्वतःच्या नावासमोरची खूणही काढली.

दुसऱ्या दिवसापासून लोकांचे फोन येणं बंद झालं. मोतिबिंदूवाल्या बाई रस्त्यात दिसल्यावर पलीकडच्या फुटपाथवर गेल्या. विमा एजंटने ‘हरकत नाही, पण मला खरंच आली होती’ असं कळवलं. चित्रकलेच्या सरांनी मात्र एक फोन केला.

“म्हणजे तुला माझी आठवण येत नाही,” सर म्हणाले, “असं तू मला लेखी कळवलंस.”

“तसं नाही, सर. तो ट्रोजन होता.”

“बरा होता तो. निदान दोन ओळी लिहायचा.”

चष्मेवाल्यांना त्या आठवड्यात सरांकडे स्वतः जावं लागलं आणि तिथे संध्याकाळभर बसून, आठवण येते हे वाक्य न उच्चारता, ते सिद्ध करावं लागलं.

रविवारी दुकान बंद ठेवून नवरा-बायको आत आवराआवर करत असताना कुणीतरी शटर वाजवलं. डॉक्टर होते, मागे त्यांची बायको. डॉक्टरांच्या हातात पेनड्राइव्ह होता.

“एकदा काढला म्हणजे गेला असं नसतं,” ते म्हणाले. “दर आठवड्याला तपासून घ्यावं लागतं.”

“मीही वाचलं ते कुठेतरी,” चष्मेवाले म्हणाले. वाचलेलं नव्हतं.

तपासणी सुरू झाली. दुकानातला संगणक इतका संथ होता, की हिरव्या पट्टीकडे बघत बसणाऱ्याचा अंत बघेल. सुरुवातीला दोघे पट्टीबद्दल बोलले. मग पट्टी कुठे अडकते याबद्दल. मग डॉक्टरांनी एका रुग्णाची गोष्ट सांगितली, जो भूल देण्याआधीच झोपला होता. चष्मेवाले हसले, तेव्हा डाव्या बाजूच्या दाढेची रिकामी जागा दिसली. डॉक्टरांनी ती बघितली आणि फक्त मान दुसरीकडे वळवली. जावा मागच्या खोलीत होत्या आणि तिथून बोलण्याचा एकसारखा आवाज येत होता. चहा झाला, पुन्हा झाला. पट्टी अर्ध्यावर होती.

चष्मेवाल्यांची बायको बाहेर आली, तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अहो, किती वेळ लागतो याला. आता नवीन घ्या की. पोरासोरांचेसुद्धा झटक्यात तपासून होतात.”

“नको,” डॉक्टर म्हणाले. “वहिनी, हा चांगला आहे. जुने मजबूत असतात.”

“आणि नव्यांत हे रोग जास्त शिरतात,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी पट्टी नीट दिसावी म्हणून दोघांच्याही खुर्च्या थोड्या पुढे ओढल्या.